यांना म्हातारचळ लागलाय का हो?

काकूंनी खुर्चीत बसता बसताच हे विचारलं. काका बँकेतून निवृत्त, पार्किन्सन्सला सहा वर्षं झालेली. जन्मभर पेट्रोलचा हिशोब वहीत लिहिणारा माणूस. आता दाराशी रोज पार्सल. भिंतीला भोकं पाडायची मशिनंच चार आली, त्यातली दोन खोक्यातून बाहेरही काढली नाहीत. एफडी मोडल्याचं मुलाला बँकेच्या मेसेजवरून कळलं.

मी औषधांची चिठ्ठी मागितली. प्रामिपेक्सोल, पार्किन्सन्सचीच गोळी. डोस दिवाळीच्या आधी वाढवलेला. "आणि पार्सलं कधीपासून?" काकूंनी बोटं मोजली. दिवाळीनंतर.

निघताना चपला घालता घालता त्या थांबल्या. "अजून एक आहे. रात्री झोपू देत नाहीत. या वयात सांगू कुणाला?" पार्सलं निमित्त होती, खरं दुखणं हे. त्यांना परत बसवलं.

प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधं मेंदूत डोपामिनची जागा घेतात. हातपाय मोकळे होतात, पण ओढ आणि हव्यास जिथून उठतात त्या भागालाही ती चेतवतात. अमेरिका-कॅनडातल्या तीन हजारांवर रुग्णांचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. या गटातली औषधं घेणाऱ्यांपैकी सुमारे 17 टक्के लोकांचा जुगार, खरेदी, खाणं किंवा कामवासना यांपैकी कशावर तरी ताबा सुटला होता. न घेणाऱ्यांत हेच प्रमाण सुमारे 7 टक्के.

काकू आधी रडल्या, मग चिडल्या. "हे आम्हाला आधी का नाही कुणी सांगितलं?" चिडणं रास्तच होतं. सांगायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

घरी जाऊन गोळी बंदच करायला निघाल्या होत्या. ते निक्षून नको म्हटलं: एकदम सोडली तर अंग आखडतं, जीव घाबरा होतो, माणूस खचतो. न्यूरोलॉजिस्टनी ती टप्प्याटप्प्यानं उतरवली आणि लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सचं मुख्य औषध, थोडा वाढवला.

काका पहिल्या भेटीत माझ्याशी बोललेच नाहीत. दुसऱ्या भेटीत, काकू बाहेर गेल्यावर म्हणाले, "कळतं हो सगळं. बटण दाबून झाल्यावर कळतं." कार्ड मुलाकडे द्यायचं त्यांनीच ठरवलं.

चार महिन्यांनी कंप जरा वाढला होता, पार्सलं थांबली होती. काकू आता वेगळ्या खोलीत झोपत नाहीत, हे त्यांनी दाराशीच सांगितलं. चपला घालता घालता.