हँडिकॅपसाठी क्लबचं सभासद व्हावं का?

प्रश्न : महिन्यातून एकदा गोल्फ खेळतो. मित्र म्हणतात, सभासद हो, हँडिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा अधिकृत आकडा) मिळेल. पैसे वसूल होतील?

उत्तर : महिन्यातून एकदा? मग कठीण आहे. वर्षाची वर्गणी भागिले फेऱ्या, एवढं गणित मांडा आणि ग्रीन फीशी, म्हणजे सभासद नसताना एका फेरीला पडणाऱ्या शुल्काशी, ताडून पाहा. मी पहिल्या वर्षी ते मांडलं नाही; जेमतेम नऊ फेऱ्या झाल्या. बायकोला आकडा अजून सांगितलेला नाही.

हँडिकॅप ५४ होल्सच्या (म्हणजे १८ होल्सच्या तीन फेऱ्यांच्या) स्कोअरकार्डांवर सुरू होतो, पुढे शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वोत्तम ८ वरून ठरतो. तुमच्या गतीने त्यात वीस महिन्यांपूर्वीचा खेळही मोजला जाईल! इंग्लंडसारख्या काही देशांत गोल्फ संघटना क्लबाबाहेरच्यांनाही हँडिकॅप देते. तुमच्याकडे तशी सोय आहे का, ते आधी विचारा.