वाचकांचे प्रश्न : पहिल्या चेंडूवर विकेट, मग ४१९ चेंडू विकेटविना

प्रश्न : टेस्टमधल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर विकेट घेणारा पहिला भारतीय कोण? तीनच टेस्टमध्ये संपला, म्हणजे बॉलर बेताचाच ना? पार्क मैदानावर माझ्याकडे एक डावखुरी मुलगी स्पिन टाकते, म्हणून विचारतो. (एक प्रशिक्षक, जुळे सोलापूर)

उत्तर : नीलेश कुलकर्णी, डोंबिवलीचा. मुंबईकडून खेळणारा उंच डावखुरा स्पिनर. ऑगस्ट १९९७, कोलंबोचं प्रेमदासा स्टेडियम. भारताने ८ बाद ५३७ वर डाव घोषित केला आणि कुलकर्णीच्या पहिल्याच चेंडूवर अटापट्टूचा झेल यष्टीमागे मोंगियाकडे गेला. १ बाद ३९. श्रीलंकेची पुढची विकेट पडली ६१५ वर! जयसूर्या ३४०, महानामा २२५, भागीदारी ५७६, एकूण ६ बाद ९५२.

कुलकर्णीचे आकडे : ७० षटकं, १२ निर्धाव, १९५ धावा, १ विकेट. बेताचा म्हणण्याआधी जरा भागाकार करा. त्याने षटकामागे २.७९ धावा दिल्या. त्याच डावात कुंबळेने ७२ षटकांत २२३ दिल्या (३.१०), चौहानने ७८ षटकांत २७६ (३.५४). विकेट या दोघांनाही एकेकच. तिघांत सगळ्यात कमी मार पदार्पण करणाऱ्याने खाल्ला, हे कुणी सांगत नाही. २००१ ला चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध तो शेवटची टेस्ट खेळला. ३ टेस्ट, २ विकेट.

पुढे विकेट का मिळाली नाही? खेळपट्टी पाटा (सपाट, बॉलरला मदत न करणारी) होती आणि जयसूर्या डावखुरा. डावखुऱ्या स्पिनरचा चेंडू डावखुऱ्या बॅटरकडे आत वळतो. पाट्यावर तोही जेमतेम वळतो, म्हणजे मिडल स्टंपच्या रेषेत टाकला की लेगला ढकलायला मोकळा.

म्हणून मुलीला समोर डावखुरी बॅटर असताना ओव्हर द विकेट (चेंडू टाकणारा हात स्टंपच्या बाजूला ठेवून) टाकायला लावा. टप्पा ऑफ स्टंपच्या बाहेर चार ते सहा इंच, वळून ऑफ स्टंपवर यावा. शॉर्ट लेगला (लेग बाजूला, बॅटरच्या अगदी जवळ) एक फील्डर हवाच. सहा चेंडूंत एखादा न वळवता सरळ सोडावा. बॅटर वळणासाठी खेळली तर बॅटची कड लागून चेंडू यष्टीरक्षकाशेजारच्या स्लिपकडे जातो. खडूने त्या जागी वहीच्या पानाएवढा चौकोन आखा आणि ३० पैकी किती चेंडू त्यात पडले ते रोज लिहून ठेवा. दमली की आधी टप्पा आखूड होतो. तिथेच थांबवा, नाहीतर तीच सवय हाताला लागते.

प्रश्न : नव्या बॉलरचा पहिलाच चेंडू वाइड आणि त्यावर बॅटर स्टंपिंग. स्कोअरबुकात काय लिहायचं? (एक स्कोअरर, बार्शी)

उत्तर : वाइडची १ धाव बॉलरच्या नावावर, विकेटही त्याचीच, पण चेंडू षटकात मोजायचा नाही. त्या क्षणी त्याचे आकडे (षटकं-निर्धाव-धावा-विकेट) ०-०-१-१. बॅटरच्या खात्यातही तो चेंडू धरू नका. २०११ ला मँचेस्टरच्या टी-२० मध्ये कोहलीच्या वाइडवर धोनीने पीटरसनला असंच स्टंप केलं होतं. वाइडवर हिट विकेट झाली तर तीही बॉलरचीच. रनआउट मात्र नाही.