हिमालय रोज वाढतोय, मग आभाळाला का टेकला नाही?

प्रश्न : आम्ही कळव्याला राहतो, खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो. मुलगी सातवीत आहे. शाळेत शिकवलं की भारत आशियाला धडकला, त्यातून हिमालय उभा राहिला आणि तो अजून वाढतोय. आता ती विचारते, मग आपला पारसिक कोणाच्या धडकेने झाला? आणि हिमालय एवढी कोटी वर्षं वाढतोय तर आभाळाला का नाही टेकला? मला काही सांगता आलं नाही. — एक वाचक, कळवा

उत्तर : मुलीने फार छान प्रश्न विचारलाय, आणि खरं तर दुसऱ्या प्रश्नातच सगळी गंमत आहे. पारसिकचं आधी उरकतो. तो कोणाच्याच धडकेने झालेला नाही. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्याकडे जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले, तोच हा काळा पाषाण. माळशेजला गेलात तर कड्यात हे आडवे थर स्पष्ट दिसतात. पुढे पाऊस आणि नद्यांनी ते कोरले, म्हणून आपल्याला ते डोंगर वाटतात.

हिमालयाचं वेगळं. भारताची प्लेट, म्हणजे भारत ज्यावर बसलाय तो पृथ्वीच्या कवचाचा अवाढव्य तुकडा, वर्षाला १५ सेंटीमीटरच्या आसपास स्पीडने उत्तरेला सरकत होती, मध्ये टेथिस समुद्र होता. समुद्राचा तळ जड, तो आशियाखाली घुसून गेला, पण साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी मागून खंडाची जमीन आली ती हलकी, ती तशी बुडेना. मग खडक दुमडले, तुटले, आणि उतरत्या छपरावर कौलं कशी एकावर एक सरकवून बसवतात तसे जमिनीचे तुकडे एकमेकांवर चढत गेले. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक समुद्रात तयार झालाय, त्यात समुद्री जिवांचे अवशेष आहेत, आणि गंडकीतला आपल्या देवघरातला शाळिग्राम म्हणजे त्याच समुद्रातल्या शंखासारख्या प्राण्याचा जीवाश्म. भारत अजूनही वर्षाला ४-५ सेंटीमीटर सरकतोय, त्यातले साधारण २ हिमालयात जिरतात. तेही गुपचूप जिरत नाहीत, खडक अडकून ताण साठतो आणि एकदम सुटतो, २०१५ चा नेपाळचा ७.८ चा भूकंप तसाच.

आता उंची का थांबते. मुलीला एकदा ठाण्याच्या तलावपाळीला न्या. होडी भरली की किती खाली बसते, आणि माणसं उतरायला लागली की कशी वर येते ते बघू द्या, होडीच्या कडेला ओली रेघ उघडी पडते. डोंगराचंही अगदी असंच आहे. तो खालच्या जड खडकावर तरंगतो, म्हणून जेवढा वर दिसतो त्याच्या कितीतरी पट खाली बुडालेला असतो. एरवी खंडांचं कवच ३५-४० किलोमीटर जाड असतं, हिमालय-तिबेटखाली ते ७० च्या घरात आहे. रचत गेलात की वजनाने खाली बसतो, खोलवर तापलेला खडक मऊ पडून बाजूला पसरतो, आणि वरून पाऊस, बर्फ, नद्या त्याला सतत खरवडत असतात. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला साधारण १०० कोटी टन गाळ वाहून नेतात! त्या गाळाचा बंगालच्या उपसागराच्या तळाशी जवळपास ३००० किलोमीटर लांब, पंख्याच्या आकाराचा थर पसरलाय. शिवालिकच्या टेकड्या तर हिमालयाच्याच गाळाच्या आहेत, आणि त्यासुद्धा पुढे धडकेत सापडून उचलल्या गेल्या.

पण झीज म्हणजे नुसता डोंगर बुटका होणं असं समजू नका, मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. माणसं उतरली की होडी वर येते ना? तसंच दगड वाहून गेला की उरलेला डोंगर हलका होऊन वर येतो. हजार मीटरचा थर सगळीकडून सारखा गेला तरी पातळी जेमतेम दीडदोनशे मीटरनेच उतरते, बाकीचं खालून भरून येतं. आणि नदीने फक्त दरी खोदली तर बाजूची शिखरं उलट उंच होतात. २०२४ मध्ये संशोधकांनी हिशोब मांडला की एव्हरेस्टजवळून वाहणाऱ्या अरुण नदीने केलेल्या खोदाईमुळे एव्हरेस्ट १५ ते ५० मीटर वर उचलला गेला असावा. बद्रीनाथच्या वाटेवर चमचमणारे दगड दिसतात ना, त्यातले कितीतरी जमिनीखाली वीसेक किलोमीटरवर भाजून तयार झालेत, वरचं सगळं झिजलं म्हणून ते आज हाताला लागतात.

ढकलणं थांबलं की मात्र झीज जिंकते, फक्त फार वेळ लागतो. अरवलीही खंडांच्या धडकेतूनच झालेली, पण १०० कोटी वर्षांहून जुनी. आज तिथलं सगळ्यात उंच शिखर, अबूजवळचं गुरुशिखर, १७२२ मीटर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जेमतेम ७६ मीटर जास्त.