वाचकांचे प्रश्न : गावाचं संग्रहालय सांभाळताना

मागच्या अंकात ठाणे-नवी मुंबईतल्या गावठाणांमध्ये लोकांनी स्वतःहून उभ्या केलेल्या छोट्या संग्रहालयांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांना इथे उत्तरं देते आहे. माझी नोकरी अभिलेख कक्षात गेली. निवृत्त झाल्यापासून बेलापूर पट्ट्यातल्या आमच्या गावठाणात समाजमंदिराच्या दोन खोल्यांत आम्ही गावाचा ठेवा सांभाळतो. आमच्याकडे पगारी कोणी नाही.

ताई, आमच्या मंडळाला जुन्या शाळेची एक खोली मिळाली आहे. लोकांनी दळायची जाती, कणग्या, पाग (मासे धरायची जाळी), इरली, तांब्याचे हंडे आणून दिले आणि खोली भरून गेली. आता काचेची कपाटं करावीत का? मांडणी कशी करावी? – एक वाचक, घणसोली

कपाटं राहू द्या. आधी एक जाड, शिवलेल्या बांधणीची वही आणा, तिच्या पानांना आकडे घाला आणि दाराला कुलूप लावून आठवडाभर फक्त लिहीत बसा. प्रत्येक वस्तूला दाखल क्रमांक द्या. पुढे आल्याची तारीख, वस्तूचं गावातलं नाव, देणाऱ्याचं नाव, ती वापरणाऱ्याचं नाव, कुठल्या कामाला आणि कुठल्या जागी वापरली, आणि आत्ता खोलीत कुठे ठेवली आहे, हे सगळं लिहा. चुकलं तर खोडरबर चालवायचं नाही. एक रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. वहीच्या पानांचे फोटो काढून ते दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा.

हे इतकं जोर देऊन सांगते, कारण जातं कुठेही मिळतं. तुमच्या घणसोलीतल्या अमुक घरात, अमुक बाईनं, पहाटे ज्यावर दळलं ते जातं मात्र तुमच्याकडेच आहे, आणि तेही लिहून ठेवलं असेल तरच. सांगणारी माणसं ऐंशीच्या पुढे गेली आहेत. वस्तू अजून पन्नास वर्षं टिकेल, सांगणारं माणूस टिकणार नाही.

आमच्याकडचं एक उदाहरण देते. १७ मार्च १९७० ला सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी या नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. त्याआधी हा सगळा पट्टा खलाटी (खाडीकाठची सखल भातशेती), मिठागरं आणि खाडीवर जगत होता. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध होते आणि बांधात उघाड्या होत्या. भरतीला उघाडी बंद करायची, ओहोटीला उघडून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. अशाच एका उघाडीची फळी एका घराच्या माळ्यावर निघाली. कॉलेजात शिकणारी आमची एक स्वयंसेविका ती ब्रशनं घासायला बसणार होती, कारण खालच्या भागावर शिंपल्यांचा टणक पांढरा थर चढला होता. त्या घरातले आजोबा तिथेच बसले होते. त्यांनी तिचा हात धरला आणि थर जिथे संपतो तिथे बोट ठेवलं. म्हणाले, भांगाचं (लहान भरतीचं) पाणी इथवरच यायचं. उधाणाला ते वरच्या कडेला टेकायचं, मग रात्री दोघांनी बांधावर जागायचं. कुणाची पाळी कुठल्या तिथीला, हेही त्यांनी सांगितलं. तिनं ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवलं. आज त्या बांधाच्या जागी डांबरी रस्ता आहे. खाडी कुठवर यायची याचा आमच्याकडे असलेला पुरावा म्हणजे ती फळी आणि वहीतल्या अकरा ओळी.

म्हणून आलेली वस्तू घासू नका, पॉलिश करू नका, चिंच लावून हंडे चकचकीत करू नका. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झटकली की पुरे. क्रमांक वस्तूवर रंगानं लिहू नका. कापडी पट्टीवर लिहून ती सुती दोऱ्यानं बांधा.

आणि सगळं घेऊ नका. दहा जाती आली असतील तर ज्यांच्याबद्दल सर्वांत जास्त सांगता येतं ती दोन ठेवा. बाकीच्यांचा फोटो काढा, हकीकत लिहून घ्या आणि वस्तू मानानं परत करा. लोकांना वाईट वाटतं, पण हकीकत आपल्यासमोर वहीत उतरताना पाहिली की बहुतेकांचं समाधान होतं. ठेवून घेतलेल्या प्रत्येक वस्तूसाठी साध्या कागदावर दोन ओळी लिहून देणाऱ्याची सही घ्या : हे दान आहे की ठेव? ठेव असेल तर किती काळासाठी? आज काका आनंदानं देतात, उद्या त्यांची मुलं वाटणीच्या वेळी हंडा मागायला येतात. त्या दिवशी हा कागद घरच्यांचंही भांडण वाचवतो आणि तुमचंही.

आमच्या घरी भूसंपादनाच्या नोटिसा, जुने सातबारे आणि १९८४ च्या आंदोलनातले काही फोटो आहेत. पावसाळ्यात कसर लागते. लॅमिनेशन करून संग्रहालयाला द्यावेत का? – एक वाचक, ऐरोली

लॅमिनेशन अजिबात करू नका. गरम प्लॅस्टिक एकदा कागदाला चिकटलं की कागदाला इजा न करता ते काढता येत नाही, आणि आत अडकलेला ओलावा कागद खात राहतो. चिकटपट्टीही नको. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो आणि अक्षरंही डागाळतात. स्टेपलच्या पिना आणि टाचण्या काढून टाका, गंजाचा डाग कायमचा राहतो.

मूळ सातबारा आणि नोटिसा मात्र घरातच ठेवा, हे माझं ठाम मत आहे. जमिनी गेलेल्यांना सिडकोनं द्यायच्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांची, वारसांची प्रकरणं आजही चालू आहेत. उद्या तुमच्या नातवाला हाच कागद कुठल्यातरी टेबलावर दाखवावा लागेल. संग्रहालयाला चांगली स्कॅन प्रत द्या. भिंतीवर लावताना गट क्रमांक आणि घरच्यांची खासगी माहिती झाकायला सांगा.

फोटोंचं काम तातडीचं आहे. उरण भागात जासई-दास्तान फाटा आणि नवघर इथे १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात गेले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या, जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या त्या लढ्यात तुमच्या गावातून कोण कोण गेलं होतं, हे वर्तमानपत्रात सापडणार नाही. ते तुमच्या फोटोतल्या चेहऱ्यांत आहे. फोटोवर पेननं काही लिहू नका. फोटोची मोठी छपाई काढा, तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा, प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढून आकडे घाला आणि तो कागद घेऊन त्या पिढीतल्या माणसांकडे बसा. चार जणांना एकत्र बसवलंत तर उत्तम, एकाला आठवत नाही ते दुसऱ्याला आठवतं. बायकांना विसरू नका. मोर्च्यात त्या मोठ्या संख्येनं होत्या, पण नावं विचारायची वेळ आली की लोक ‘अमक्याची बायको’ म्हणून पुढे जातात. तिचं नाव मिळेपर्यंत उठू नका.

कसरीबद्दल. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कागद भिंतीला लागून ठेवला तर बुरशी धरणारच. लोखंडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, खाली विटा किंवा लाकडी ठोकळे द्या. कागद स्वच्छ सुती कापडात गुंडाळा, अभिलेख कक्षात बस्ते बांधतात तसे. वेखंडाची पूड सुती पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवली तर चालते, ती कागदाला लागू देऊ नका. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांची वाफ माणसांच्या तब्येतीला वाईट. खरा उपाय म्हणजे दर पंधरा दिवसांनी कपाट उघडून प्रत्येक बस्ता हातात घेऊन पाहणं. कडक उन्हात मात्र कागद वाळत घालू नका, सावलीत पंख्याखाली ठेवा.

आमच्या शेताच्या बांधावर गाढवाचं चित्र कोरलेला उभा दगड आहे. वर चंद्र-सूर्य आहेत. तो उचलून आमच्या संग्रहालयात आणावा असं मुलांचं म्हणणं आहे. – एक वाचक, ठाणे

आणू नका. वर्णनावरून ती गधेगाळ दिसते. शिलाहार राजांच्या काळात जमीन दान दिली की असा दगड उभारत आणि दान मोडणाऱ्याला त्यावर शाप कोरत. मधल्या भागात झिजलेली अक्षरं असण्याची शक्यता आहे. दगड कुठल्या जमिनीच्या कडेला उभा आहे हीच त्याची अर्धी माहिती असते. उचलला की ती गेली.

शिवाय कायदा आहे. शंभर वर्षांहून जुन्या कोरीव दगडाला १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. जमिनीखाली पुरलेलं काही सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असली तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आजच्या कारागृहाच्या जागेत, अठराव्या शतकात खोदकामात शिलाहार राजा अरिकेसरीचा इसवी सन १०१७ चा ताम्रपट निघाला. तो कुठे सापडला हे तेव्हाच छापून आलं, म्हणून आज आपण तो ठाण्याचा म्हणू शकतो. तुम्ही चारही बाजूंनी, सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, जागेची खूण नकाशावर टिपा आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला पत्र लिहा. शेंदूर खरवडू नका, अक्षरांत पीठ किंवा खडू भरू नका. संग्रहालयात मोठा फोटो लावा आणि मुलांनाच लोकांना तिथे घेऊन जायला सांगा.

सुरुवातीला वीस जण होतो, आता रविवारी दार उघडायला दोघंच येतात. काय करावं? – एक वाचक, नेरुळ

रोज किंवा दर रविवारी उघडं ठेवण्याचं वचन देऊच नका. महिन्यातला एक रविवार ठरवा आणि तो कधीही चुकवू नका. बंद दारावरून एकदा परत गेलेलं माणूस पुन्हा येत नाही. प्रत्येकाला त्याचं म्हणावं असं एक काम द्या : एकाकडे वही, एकाकडे फोटो, एकाकडे किल्ल्या. ‘सगळ्यांनी सगळं’ असलं की कुणीच काही करत नाही. धर्मादाय कार्यालयात नोंदणी केली असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज देणं हे कोणाचं काम, तेही ठरवून टाका. गावातल्या कित्येक चांगल्या संस्था याच एका कागदापायी अडकून पडतात.

प्रवेश तिकीट ठेवावं का? – एक वाचक, तुर्भे

गावाच्याच वस्तू गावाला दाखवायला पैसे घेऊ नयेत. दानपेटी ठेवा, आणि जमाखर्च दारावर लावा.

माझ्या सासूबाई धवलारीण आहेत. आगरी लग्नातले धवले त्यांना तोंडपाठ आहेत. वस्तू नसलेली ही गोष्ट संग्रहालयात कशी ठेवायची? – एक वाचक, कळवा

तुमच्या पत्रानं मला फार आनंद झाला. हे काम या महिन्यातच सुरू करा. आधी त्यांना विचारा की हे कुणी ऐकलेलं चालेल, आणि त्यांचं उत्तरही रेकॉर्ड करा. काही धवले लग्नाच्या त्या त्या विधीलाच म्हणायचे असतात. एरवी ते म्हणायला त्यांचं मन घेत नसेल तर आग्रह करू नका, घरातलं पुढचं लग्न गाठा. मोबाइल चालेल, पण पंखा बंद करा, फोन विमान मोडवर टाका आणि त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर उशीवर ठेवा. प्रत्येक गाण्याआधी तारीख, जागा, त्यांचं नाव आणि हा धवला कुठल्या विधीचा, हे मोठ्यानं बोलून घ्या. फाइलच्या तीन प्रती करा : एक तुमच्याकडे, एक नातेवाइकांकडे, एक संग्रहालयात.

मग त्यांच्याशेजारी बसून शब्द लिहून काढा, त्या म्हणतात तसेच. ‘शुद्ध’ करायला जाऊ नका. एखादा शब्द कळला नाही तर त्यांना विचारा, त्या जे सांगतील ते समासात लिहा. ज्यांच्याकडून शिकल्या त्या बाईचं नाव आणि गाव पहिल्या पानावर घाला.