वाचकांचे प्रश्न : नाणी शोधायला कोणता मेटल डिटेक्टर?

सातारा-सांगली भागातून मेटल डिटेक्टरबद्दल बरीच पत्रं आली आहेत. त्यांतले वारंवार विचारले गेलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न (तासगाव) : गॅरेट एस ३०० आणि नोक्टा सिम्प्लेक्स प्लस, या दोन मशीन डोळ्यांसमोर आहेत. शेत काळ्या जमिनीचं, आणि जुन्या वाड्याचं अंगणही बघायचं आहे. नाण्यांसाठी कुठली घ्यावी?

उत्तर : तुमच्या जमिनीसाठी सिम्प्लेक्स प्लस. निवड ब्रँडवरून केलेली नाही, ग्राउंड बॅलन्सवरून केली आहे.

आपल्याकडची काळी माती बेसाल्ट झिजून झालेली आहे आणि बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, म्हणजे लोहचुंबकाला चिकटणारं लोहखनिज. खात्री करायची तर वाळलेल्या मातीचं ढेकूळ फोडा आणि चुरा कागदावर पसरून खालून चुंबक फिरवा. काळे बारीक कण चुंबकामागे सरकताना दिसतील. डिटेक्टरची कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची तारेची चकती, जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते. त्याने नाण्यात प्रवाह फिरू लागतो आणि त्याचं उत्तर थोड्या उशिराने परत कॉइलमध्ये येतं. पण मातीतले ते कणही उत्तर देतात, आणि सगळी माती मिळून त्यांचा आवाज नाण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. मातीचं उत्तर ओळखून वजा करणं म्हणजे ग्राउंड बॅलन्स.

एस ३०० मध्ये ही वजाबाकी कारखान्यातच ठरवून दिलेली आहे, आपल्याला बदलता येत नाही. सिम्प्लेक्समध्ये ती स्वतःच्या जमिनीप्रमाणे बसवता येते. दुसरा फरक कॉइलचा. एस ३०० सोबत कॉन्सेंट्रिक कॉइल येते, ती खाली निमुळत्या होत जाणाऱ्या शंकूच्या आकारात बघते. सिम्प्लेक्सची २८ सेंमीची डबल-डी कॉइल मधल्या उभ्या पट्टीतच बघते, त्यामुळे एका वेळी कमी माती तिच्या टप्प्यात येते आणि गोंगाट कमी होतो. एस ३०० आठ किलोहर्ट्झ फ्रिक्वेन्सीवर चालते, सिम्प्लेक्स प्लस बारावर. तांब्या-चांदीच्या नाण्यांना दोन्ही चालतात, त्यात फार अडकू नका. सिम्प्लेक्स पाण्यात ३ मीटरपर्यंत चालते, एसची फक्त कॉइल भिजलेली चालते.

एस ३०० वाईट मशीन नाही. मळईच्या, वाळूमिश्रित हलक्या जमिनीत ती झकास चालते आणि नवशिक्याला लवकर हाताळता येते. काळ्या रानात मात्र सेन्सिटिव्हिटी (मशीनची संवेदनक्षमता) खाली आणल्याशिवाय ती गप्प बसत नाही, आणि ती खाली आणली की खोली जाते. खर्चाची तयारी असेल तर मिनलॅब इक्विनॉक्ससारखी एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी मशीन अशा मातीत नाण्यांचे आकडे (धातू ओळखायला पडद्यावर दिसणारे) जास्त स्थिर देते.

ग्राउंड बॅलन्स असा करा. धातू नसलेली हातभर जागा शोधा. ग्राउंड बॅलन्सचं बटण दाबून धरा आणि कॉइल जमिनीला समांतर ठेवून घोट्याच्या उंचीपासून तीन-चार सेंमीपर्यंत खाली-वर करा, आवाज सपाट होईपर्यंत. कॉइल तिरकी झाली की बॅलन्स चुकतो. काळ्या रानातून मुरमाड बांधावर गेलात की परत करा. कास पठाराच्या बाजूची लाल जांभ्याची माती आणखी हट्टी असते, तिथे दर थोड्या अंतरावर करावा लागतो. ‘मशीन खराब आहे’ अशा तक्रारींपैकी बहुतेक इथेच मिटतात.

प्रश्न (कराड) : नवीन मशीन आणली आणि अंगणात एक रुपया टाकून तपासली. कॉइन मोडमध्ये आवाजच नाही. सगळे धातू मोडवर ठेवली तर कधी लोखंड दाखवते, कधी एकदम वरचा आकडा. परत करावी का?

उत्तर : परत करू नका, मशीन बरोबर आहे. तुमचा रुपया लोखंडाचाच आहे.

पन्नास पैसे १९८८ पासून, एक रुपया १९९२ पासून, दोन रुपये २००५ पासून आणि पाच रुपये २००७ पासून काही काळ फेरिटिक स्टेनलेस स्टीलमध्ये निघाले. हे स्टील चुंबकाला चिकटतं. लोखंड गाळणारा कॉइन मोड त्याला खिळा समजून गाळतो. वर ते गोल आणि चपटं असल्याने मशीन गोंधळते आणि आकडा लोखंडापासून चांदीपर्यंत उड्या मारतो. परदेशी व्हिडिओ बघून सेटिंग लावणाऱ्यांची इथेच फसगत होते, कारण त्यांच्याकडची नाणी वेगळ्या धातूंची.

तपासायला घरातली जुनी नाणी काढा. नव्वदच्या दशकातले अकरा कोनांचे दोन रुपये आणि जाडजूड ९ ग्रॅमचे पाच रुपये क्युप्रोनिकेलचे (तांबं-निकेलच्या मिश्रणाचे) आहेत, ते चुंबकाला चिकटत नाहीत. १९५७ चा नया पैसा ब्राँझचा. दहा-वीस पैशांची हलकी नाणी ॲल्युमिनियमची. राणीचा किंवा राजाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, १९३९ पर्यंत जवळपास ९२ टक्के चांदीचा, १९४० पासून निम्म्याच चांदीचा. १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा, म्हणजे तोही चुंबकाला चिकटणारा. हे माहीत नसलं की चांगलं नाणं खिळा म्हणून मागे राहतं.

चांदीचा रुपया आणि मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं शिवराई आकड्यांच्या वरच्या भागात येतात. क्युप्रोनिकेलचा एक आणा खालच्या-मधल्या भागात, नेमका गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाशेजारी. ‘कचरा नको’ म्हणून तो भाग बंद केला की आणेही बंद होतात. म्हणून सुरुवातीला फक्त लोखंड गाळा, बाकी सगळं ऐका. एका मशीनचे आकडे दुसरीला लावू नका. गॅरेटची पट्टी ९९ पर्यंत जाते, इक्विनॉक्स ६०० आणि ८०० ची उणे ९ ते ४०.

प्रश्न (विटा) : विकणारा सांगतो तेवढी खोली खरंच मिळते का? दोन मशीन शेजारी ठेवून तुलना कशी करायची?

उत्तर : हवेत नाणं धरून मोजलेली खोली आपल्या मातीत कधीच मिळत नाही. रुपयाएवढ्या नाण्याला मधल्या किमतीची मशीन काळ्या जमिनीत १५ ते २० सेंमीवर स्वच्छ आवाज देत असेल तर समाधान माना.

तुलनेसाठी परसात चाचणीचा पट्टा करा. आधी तेवढी जागा खिळे, तारा काढून साफ करा. मग तांब्याचं, क्युप्रोनिकेलचं आणि चांदीचं नाणं ५, १०, १५ आणि २० सेंमीवर आडवं पुरा, दोन नाण्यांमध्ये हातभर अंतर ठेवून. एक नाणं उभं पुरा, कारण नांगरटीत नाणी उभी होतात आणि तशा नाण्याचा आवाज फारच बारीक येतो. १० सेंमीवरच्या एका नाण्याशेजारी चार बोटांवर गंजका खिळा ठेवा. जागा खुणेने वहीत उतरवा. उकरलेली माती भुसभुशीत असते आणि आवाज तुटक येतो, म्हणून एखादा पावसाळा जाऊ द्या.

मग दोन्ही मशीन त्याच दिवशी, त्याच ओलीत, प्रत्येकीचा ग्राउंड बॅलन्स करून फिरवा. खोली हा एकच निकष धरू नका. खिळ्याशेजारचं नाणं कुठली वेगळं ऐकवते, आणि दोन्ही दिशांनी फिरवताना आकडा कुठलीचा स्थिर राहतो, ते बघा. जुन्या वाड्यात आणि गावठाणात खिळ्यांचा खच असतो, तिथे हेच उपयोगी पडतं. अशा जागी मोठ्या कॉइलपेक्षा १५ सेंमीची लहान कॉइल जास्त नाणी देते.

प्रश्न (पलूस) : विहिरीवरच्या मोटारीजवळ गेलं की मशीन नुसती कुरकुरते.

उत्तर : विजेच्या तारा आणि पंपाचं स्टार्टर यांचा तो त्रास. सेन्सिटिव्हिटी दोन-तीन घरं खाली आणा, फ्रिक्वेन्सी थोडी सरकवायची सोय असेल तर ती वापरा, खिशातला मोबाइल दूर ठेवा. लाइट गेलेली असताना तो भाग बघणं सगळ्यांत उत्तम. मोटार बंद असूनही कुरकुर चालू राहिली तर कॉइलची केबल दांड्यावर घट्ट गुंडाळली आहे का ते बघा, सैल हलणारी केबल खोटे आवाज देते.

प्रश्न (वाई) : कृष्णेच्या घाटावर किंवा गडाच्या पायथ्याशी शोधलं तर चालेल का? जुनं नाणं मिळालं तर ते आपलंच ना?

उत्तर : संरक्षित गड, लेणी, देवळं यांच्या हद्दीत नाही. केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा पुरातत्त्वविषयक कायदा तिथे विनापरवाना उत्खनन करू देत नाही. आम्ही तर म्हणू, संरक्षणाचा फलक नसला तरी गडावर मशीन नेऊच नका. शिवराई कुठल्या थरात, कशाशेजारी होती, हे नाण्याइतकंच मोलाचं असतं आणि खुरप्याच्या एका घावाने ते कायमचं जातं. घाटावर देवस्थानाची किंवा ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घ्या. तिथे वरच्या थरात बहुतेक स्टीलचीच नाणी असतात.

जमिनीत दडलेल्या किमती वस्तूला १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा लागू होतो, तुमच्या स्वतःच्या शेतातही. वस्तूंची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कोणत्या तारखेला, एवढं त्यात हवं. वस्तू सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा तिच्यासाठी जामीन द्यावा लागतो. कोणी मालक पुढे आला नाही आणि जागा दुसऱ्याची असेल, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागामालकाला एक चतुर्थांश. सरकारने वस्तू ठेवून घेतली तर धातूची किंमत आणि तिच्या एक पंचमांश जादा मिळते. लपवलं तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांवरच्या नाण्यांना १९७२ चा पुरावस्तू कायदाही आहे. परवान्याशिवाय त्यांच्या विक्रीचा धंदा करता येत नाही आणि ती परदेशी पाठवता येत नाहीत.

एकापेक्षा जास्त जुनी नाणी किंवा मडक्याची खापरी दिसली, तर खणणं तिथेच थांबवा, फोटो काढा आणि कळवा.

प्रश्न (जत) : एक जण दोन अँटेना असलेली ‘लाँग रेंज’ मशीन घेऊन येतो. शंभर मीटरवरचं गुप्तधन दाखवतो म्हणतो. निम्मे पैसे आगाऊ मागतोय.

उत्तर : एक पैसाही देऊ नका. शंभर मीटरवरून पुरलेलं सोनं दाखवणारी मशीन नाही, कारण कॉइलचं क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने विरतं. मोठ्या कॉइलची खास मशीनसुद्धा हंड्याएवढ्या वस्तूपर्यंत मीटर-दोन मीटरच पोचते. मुठीत धरलेली सैल अँटेना मनगट नकळत कललं की वळते, तिला कुठलाच सिग्नल लागत नाही. अशीच पोकळ अँटेना बाँबशोधक म्हणून इराकला विकणाऱ्याला ब्रिटनमध्ये २०१३ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याला खरोखर तपासायचं असेल तर त्याच्या पाठीमागे दहा सारख्या डब्यांपैकी एकात अंगठी ठेवा आणि डबा ओळखायला सांगा. तो कारणं सांगून टाळेल. गुप्तधनासाठी पूजा, बळी असलं काही निघालं तर थेट पोलिसांकडे जा, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे.

प्रश्न (मिरज) : नाणं काढताना खुरप्याचा ओरखडा पडतो. आणि ते साफ कशाने करावं?

उत्तर : आधी आवाजावरून एकमेकींना छेदणाऱ्या दोन दिशांनी कॉइल फिरवा. दोन्ही रेषा जिथे मिळतात तिथे नाणं. त्या बिंदूपासून वीतभर लांब खुरपं उभं खोचा, तीन बाजू कापा आणि ढेकूळ चौथ्या बाजूवर झाकणासारखं उलटा. मग हातातला पिनपॉइंटर (नेमकी जागा दाखवणारा छोटा डिटेक्टर) वापरून बोटांनी माती सोडवा. माती पोत्यावर काढा म्हणजे खड्डा नीट बुजवता येतो.

नाणं जागेवर चोळू नका. काळ्या मातीतला बारीक खडा तांब्यावरची ‘श्री राजा शिव’ ही अक्षरं घासून टाकतो. ओल्या मातीसकट डबीत ठेवा आणि घरी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत घाला, पाणी रोज बदलत. सुटलेली माती मऊ ब्रशने किंवा बाभळीच्या काट्याने अलगद काढा. चिंच, लिंबू, पितांबरी अजिबात नको. त्याने तांब्यावरचा हिरवट-तपकिरी थर निघून जातो, आणि तोच थर नाण्याचं रक्षण करतो. शेवटी पाणी टिपून नाणं सावलीत पूर्ण वाळवा आणि कागदी पाकिटात ठेवा. मऊ प्लॅस्टिकच्या पीव्हीसी पाकिटात ठेवलं तर काही काळाने त्यावर हिरवा चिकट डाग धरतो.