बोटीच्या इनबोर्ड (आत बसवलेल्या) इंजिनचं ऑइल गळतंय, मेकॅनिक म्हणतो मागचं सील गेलं. गिअरबॉक्स उतरवायच्या आधी काय बघू?

तुम्ही लिहिलंय की डिझेल इनबोर्ड आहे, दोन-तीन तास चालवलं की बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या खोलगट जागेत, काळं ऑइल साचतं, थेंब बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कव्हरच्या) खालून पडतोय आणि मेकॅनिकने बघताक्षणी सांगून टाकलं की क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील गेलंय. असेलही तसं. पण गिअरबॉक्सचा एकही बोल्ट सैल करायच्या आधी एक अख्खा दिवस फक्त गळती शोधण्यात घालवा, हे मी अगदी कळकळीने सांगतोय, कारण माझ्या इंजिनला हेच निदान झालं होतं, गिअरबॉक्स उतरला, फ्लायव्हील निघालं, नवीन सील बसलं आणि पहिल्याच फेरीला त्याच जागी परत थेंब.

होतं काय, की बोटीत इंजिन बहुतेक वेळा प्रोपेलरच्या शाफ्टच्या रेषेत मागे उतरतं बसवलेलं असतं. त्यामुळे वर कुठेही गळलं, अगदी पुढच्या टोकाला टॅपेट कव्हरमधून (इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणातून) गळलं तरी ते ऑइल ब्लॉकच्या कडेकडेने मागे सरकत जातं, बेल हाउसिंगवर उतरतं आणि तिथून टपकतं. म्हणून थेंब कुठे पडतो ते सोडा, सगळ्यात वरची ओली जागा कुठली ते शोधा.

आधी ऑइल कुठलं आहे ते बघा. पांढऱ्या कागदावर एक थेंब घ्या. लालसर आणि पातळ असेल तर गिअरबॉक्सचं असण्याची शक्यता जास्त, काळं असेल तर इंजिनचं. डिपस्टिकचा वासही घ्या, डिझेलचा वास येत असेल आणि लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल तर फीड पंपातून वगैरे डिझेल चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) उतरतंय, मग ते सापडेपर्यंत इंजिन चालवू नका, पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं.

मग गार इंजिन डीग्रीझर आणि ब्रशने पूर्ण स्वच्छ करा, कोपरान् कोपरा, आणि पुसून नीट सुकवा. मी नंतर संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर फुंकली होती, बेल्ट आणि एअर फिल्टरपासून लांब. इंजिन गरम करा, थोडा लोड द्या, नुसत्या आयडलवर बऱ्याच गळत्या दिसतच नाहीत, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी बंद करून टॉर्चने बघा. चालू इंजिनमध्ये हात किंवा फडकं घालू नका. ऑइलमध्ये घालायचा यूव्ही डाय मिळतो, तो आणि यूव्ही टॉर्च असेल तर काम अजून सोपं होतं.

माझ्याकडे पावडरवर पहिली काळी रेघ उमटली ती ऑइल प्रेशर स्विचच्या खाली. ब्लॉकच्या मागच्या बाजूला, अंगठ्याएवढा तो स्विच, आटे कोरडे ठणठणीत, आणि ऑइल झिरपत होतं ते वायर जोडतात त्या पिनच्या कडेच्या प्लास्टिकमधून. पुसलं, मिनिटभर चालवलं, बंद करून बघितलं तर पिनच्या बुडाशी परत मोहरीएवढा थेंब तयार. एक पाना आणि नवीन स्विच, काम संपलं. सीलला काहीच झालं नव्हतं.

ब्रीदर, म्हणजे इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणारी नळी, मात्र सगळ्यांनी तपासायलाच हवा. तो चोंदला की क्रँककेसमध्ये प्रेशर साठतं आणि चांगली सीलं, चांगली पॅकिंगंसुद्धा ऑइल सोडायला लागतात, मग तुम्ही एक पॅकिंग बदलता आणि दुसरीकडून गळायला लागतं. होज काढून आतला चिकट गाळ साफ करा. ऑइल जास्त भरलेलं असलं तरी त्रास होतो, तेही बघून घ्या. टॅपेट कव्हरमधून पाझरत असेल तर बोल्ट अजून आवळायचा मोह टाळा, पत्र्याचं कव्हर वाकतं आणि पॅकिंग बाहेर येतं, नवीन पॅकिंग टाकून मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळा. सिलिकॉन सीलंट मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तिथेच आणि अगदी बारीक लावा, जास्तीचं आत सुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतं. फिल्टर नुकताच बदलला असेल तर जुनी रबर रिंग ब्लॉकलाच चिकटून राहिली नाही ना बघा, दोन रिंगा एकावर एक बसल्या की गळणारच. समुद्राच्या पाण्याचा पंप गिअरवर चालणारा असेल तर त्याच्या बॉडीला खाली एक बारीक भोक असतं, तिथून पाणी आलं तर पाण्याचं सील गेलंय, ऑइल आलं तर ऑइलचं. आणि बिल्ज कोरडं, पण लेव्हल उतरतेय आणि एक्झॉस्टच्या पाण्यावर तवंग दिसतोय असं असेल तर ऑइल कूलर (समुद्राच्या पाण्याने ऑइल गार करणारा) आतून फुटला असण्याची दाट शक्यता आहे.

चेंबरचा तळही बघा, आरसा धरून. बिल्जच्या पाण्यात भिजून पत्रा आतपर्यंत गंजतो आणि सुईच्या टोकाएवढ्या भोकातून झिरपतं. वरून इपॉक्सी लावून काही दिवस निघतात, पण खरा उपाय चेंबर बदलणं, आणि त्यासाठी बहुतेक बोटींत इंजिन उचलावंच लागतं.

हे होईपर्यंत इंजिनखाली ट्रे आणि फक्त ऑइल शोषणारे पॅड ठेवा, नाहीतर ऑटोमॅटिक बिल्ज पंप ते सगळं समुद्रात फेकेल. साबण ओतून तवंग घालवू नका, ऑइल नुसतं पाण्यात मिसळतं, जात कुठेच नाही.

एवढं करूनही वरचं सगळं कोरडं आणि फक्त बेल हाउसिंगच्या आतून इंजिनचं ऑइल येत असेल तर मात्र मेकॅनिक बरोबर आहे. मग सील काढल्यावर क्रँकवर नखाने चाचपून बघा, जुन्या सीलच्या ओठाने खाच पाडलेली असते, नवीन सील त्याच खाचेवर बसलं तर परत गळेल. एकतर जागा असेल तर ते किंचित पुढे-मागे बसवतात किंवा क्रँकवर रिपेअर स्लीव्ह (धातूची पातळ नळी) चढवतात. काही सीलं ऑइल लावून बसवायची असतात, काही एकदम कोरडी, ते मॅन्युअलमध्ये बघा. आणि जोडताना शाफ्ट कपलिंगची (गिअरबॉक्स आणि प्रोपेलरचा शाफ्ट जोडणाऱ्या चकत्यांची) अलाइनमेंट परत घ्याच, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चारही बाजूंनी, 100 मिमी व्यासाच्या कपलिंगला फरक साधारण 0.1 मिमीच्या आत यायला हवा. हे माप बोट जमिनीवर असताना घेऊन उपयोग नाही, पाण्यात उतरवून एखाद-दोन दिवस राहू द्या आणि मग घ्या, कारण पाण्यात हलचा (बोटीच्या सांगाड्याचा) आकार थोडा बदलतो.