फॉर्म मुलाने भरला, वाचला वडिलांनी

"मॅडम, मी त्याच्या भल्यासाठीच विचारलं होतं. आता हे फॉर्म बंदच करून टाकू का?"

नागपुरातल्या एका शाळेतले आठवीचे वर्गशिक्षक माझ्यासमोर बसले होते. मुलांची विचारपूस ऑनलाइन करावी की नाही, हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला बरेच शिक्षक विचारतात. म्हणून सरांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून ही हकिकत सांगते.

सर प्रत्येक धड्यानंतर विज्ञानाची छोटी चाचणी गूगल फॉर्मवर घेत. एकदा त्यांनी शेवटी एक प्रश्न जोडला: 'सध्या कसं चाललंय? काही सांगायचं आहे का?' लिंक नेहमीप्रमाणे पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली. बहुतेकांनी 'मस्त', 'ठीक' लिहिलं. एका मुलाने लिहिलं, 'रात्री बाबा आईवर ओरडतात. मला झोप येत नाही.'

गुण कोणाचे ते कळावं म्हणून फॉर्म ईमेल गोळा करत होता. मुलांना आपल्या चुका पाहता याव्यात म्हणून उत्तरांची प्रत आपोआप पाठवायची सोयही सरांनी चालू ठेवली होती. चाचणीसाठी दोन्ही गोष्टी योग्यच. पण त्या घरात फोन एकच, बाबांचा, आणि खातंही त्यांचंच. सरांनी उत्तरं उघडण्याआधी बाबांनी ती वाचली.

दुसऱ्या दिवशी बुटीबोरीच्या कारखान्यातली पाळी संपवून ते थेट शाळेत आले. "माझ्या घरची गोष्ट तुम्ही पोराच्या तोंडून काढून घेऊन राहिले का?" मुलगा पुढे तीन दिवस शाळेत आला नाही. सर हे सांगताना खाली पाहत होते.

मी त्यांना म्हटलं, विचारलंत यात चूक नाही. चाचणी आणि विचारपूस एकाच कागदावर आली, तिथे घोळ झाला. गुणांच्या फॉर्मला नाव लागतं, प्रत लागते, घरच्यांनी पाहिलं तरी हरकत नसते. मनातल्या गोष्टीला यातलं काहीच चालत नाही. आणि पाचशे रुपयांच्या रिचार्जवर अख्खं घर चालत असेल, तर मुलाचा स्वतःचा फोन आहे असं आपण धरून चालू शकत नाही.

मग आम्ही फॉर्म उघडून बसलो. विचारपुशीचा फॉर्म वेगळा केला. त्यात ईमेल घेणं बंद, प्रत पाठवणं बंद. उत्तरांचा गोषवारा भरणाऱ्यांना दाखवण्याची एक सोय असते, तीही बंद आहे ना, हे पाहिलं. उत्तरांची शीट सगळ्या स्टाफला उघडी होती. ती सर आणि मी, एवढ्यांपुरती ठेवली. फॉर्म घरी पाठवायचाच नाही. शनिवारी सकाळच्या शाळेत, संगणक कक्षात भरायचा.

नाव ठेवायचं की नाही, यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं. सरांना निनावी हवा होता. मी हजेरी क्रमांक ठेवायला लावला. 'मला झोप येत नाही' हे कोणाचं, तेच कळलं नाही तर आपण कोणाजवळ जाऊन बसणार? उलट मोकळ्या उत्तराची चौकटच काढून टाकली. तिच्या जागी एक साधा प्रश्न: 'मला कोणाशी तरी बोलायचं आहे. हो / नाही / नंतर.' दुखणं लिहून काढायचं ओझं मुलावर कशाला? ते समोरासमोर ऐकू.

सर म्हणाले, "आणि सोमवारी वाचलं तर?" मी म्हटलं, मग शनिवारी विचारूच नका. ज्या दिवशी विचारायचं, त्याच दिवशी घरी जाण्याआधी वाचायचं. मुलाने 'हो' लिहून दोन दिवस वाट पाहावी, हे मला सहन होत नाही.

मुलांना एक गोष्ट आधीच सांगायला लावली: सगळंच गुपित राहील असं वचन आम्ही देणार नाही. कोणी लैंगिक त्रास देत असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते कळवणं आमच्यावर बंधनकारक आहे. शाळेबाहेर बोलावंसं वाटलं तर मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हे क्रमांक फॉर्मच्या शेवटी टाकले.

मुलाला मी एकटं भेटले. मारहाण होते का, हे आधी नीट विचारलं. नव्हती. आईशीही वेगळं बोलले. बाबांना भेटायला दोनदा बोलवावं लागलं. पगार अडकला होता, कर्जाचे हप्ते थकले होते, आणि आवाज भिंतीपलीकडे मुलाच्या उशाशी पोचतो हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. "त्यानं मलेच सांगितलं असतं," ते म्हणाले. मी विचारलं, "रात्री अकराला, तुम्ही ओरडत असताना?" ते बराच वेळ गप्प बसले.

मुलाची मागणी एकच होती. "मॅडम, मी लिहिलं ते पुसता येईल का?" शीटमधली ओळ काढली की काम झालं असं सरांना वाटत होतं, पण उत्तर फॉर्ममध्येही राहतं. आम्ही दोन्हीकडून काढलं, त्याला दाखवून.

बाबांच्या इनबॉक्समधली प्रत आमच्या हातात नव्हती. तिसऱ्या भेटीला त्यांनी फोन खिशातून काढला, मुलाच्या हातात दिला आणि म्हणाले, "तूच काढ."